काकू, यात तुमचा पगार कुठे आहे? : आयआयएम नागपूरला खुले पत्र

प्रति,
संचालक, प्राध्यापक, कर्मचारी आणि विद्यार्थी,
भारतीय व्यवस्थापन संस्था, नागपूर
दहेगाव, मिहान

सप्रेम नमस्कार.

मी बजाजनगरात मेस चालवते. तेवीस वर्षं झाली. व्हीएनआयटी हे इंजिनिअरिंगचं कॉलेज घरापासून चालत दहा मिनिटांवर, म्हणून मेस सुरू झाली आणि म्हणूनच टिकली. आज दहेगावला शिकणाऱ्या मुलांनी मला पाहिलेलं नसणार. पण तुमच्या संस्थेच्या पहिल्या तुकडीतली चार-पाच मुलं माझ्या पंक्तीला जेवलेली आहेत आणि त्यांचं एक देणं माझ्याकडे राहिलं आहे. तुमच्या संस्थेला दहा वर्षं उलटून गेली, खूप जणांनी अभिनंदन केलं असेल. माझं जरा उशिरा पोचतंय, पण ते मनापासूनचं आहे.

तुम्ही आलात ते दिवस मला चांगले आठवतात. २०१४ च्या जुलैमधल्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी नवीन आयआयएम जाहीर केल्या, त्यातली एक महाराष्ट्राला. ती नागपूरला येणार असं नक्की झालं तेव्हा आमच्या गल्लीत आनंदापेक्षा शंकाच जास्त होती. जागा कुठे, इमारत कुठे, शिकवणार कोण? घोषणा ऐकायची नागपूरकरांना सवय आहे, आणि वाट पाहायचीही. पण २०१५ च्या जुलैत वर्ग सुरू झालेसुद्धा. व्हीएनआयटीच्या आवारात तुम्ही बिऱ्हाड मांडलं, अहमदाबादच्या आयआयएमने बोट धरलं, तिथले प्राध्यापक शिकवायला येऊ लागले. अमृतसर, बोधगया, संबलपूर, सिरमौर, विशाखापट्टणम ही तुमची त्याच वेळची भावंडं. माझ्या दृष्टीने मात्र एवढंच झालं की रविवारी रात्री जेवायला येणाऱ्या इंजिनिअरिंगच्या पोट्ट्यांमध्ये काही नवे चेहरे दिसू लागले. जरा मोठे, काही तर दोन-तीन वर्षं नोकरी करून आलेले. जेवताना गप्पा कमी आणि आजूबाजूला बघणं जास्त.

पहिल्याच महिन्यात केरळची एक मुलगी आली होती. मी आत ओरडून विचारलं, "सांबार घातला का गं वरून?" तिचा चेहरा असा उजळला! आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे तिला कोण सांगणार? ताटात झुणका आणि त्यावर हिरवी कोथिंबीर. त्यानंतर तिने इथली सगळी नावं वहीत लिहून घ्यायला सुरुवात केली. पाटवडी, गोळाभात, पुडाची वडी, तर्री. परक्या गावात येऊन त्या गावाचे शब्द असे वेचून घेणारी मुलं मला त्याआधी फार दिसली नव्हती.

तिच्याच सोबतच्या एका मुलाने मला तो प्रश्न विचारला. ऑक्टोबर असेल. रविवारचं ताट संपवून हात धुऊन आला आणि म्हणाला, "काकू, एक ताट तुम्हाला केवढ्याला पडतं?"

मी म्हटलं, साठ रुपयांना.

"ते आम्हाला पडतं. तुम्हाला केवढ्याला पडतं?"

मला सांगता आलं नाही. तेव्हा मेसला तेरा-चौदा वर्षं झाली होती. रोजच्या सत्तर ताटांना किती कणीक लागते, किती तेल जातं हे मी झोपेत सांगितलं असतं. पण एका ताटाची किंमत मी कधी काढलीच नव्हती. माझ्या वहीत किराणा होता, भाजी होती, दूध होतं. गॅस घरखर्चात जायचा. समोरच्या खोलीचं भाडं नवऱ्याच्या पगारातून जायचं. मदतीला येणाऱ्या दोघींचा पगार मी डब्यातल्या पैशांतून द्यायची, तो वहीत यायचाच नाही.

पुढचे तीन रविवार ती मुलं जेवण झाल्यावर माझ्या ओट्यापाशी बसली. सिलिंडर किती दिवस पुरतं ते विचारलं. मीटर बघून आली. तेलाचा पिंप कधी उघडला आणि कधी संपला, ते मला भिंतीवर खडूने लिहायला लावलं. एकाने तर कांद्याची सालं काढल्यावर वजन केवढं उरतं तेही मोजलं. तिसऱ्या रविवारी हिशेब मांडला. सोमवार ते शनिवार ताट चोपन्न रुपयांना पडतं, म्हणजे ताटामागे सहा सुटतात. रविवारी मी साठ रुपयांतच पाटवडी रस्सा नाहीतर गोळाभात वाढायची. ते ताट मला सदुसष्टला पडत होतं. दर रविवारी एकशे दहा ताटं. ज्या दिवशी पंक्तीवर पंक्ती उठायच्या आणि मी देवाला हात जोडायची, त्याच दिवशी माझे सातशे सत्तर रुपये जात होते.

मग त्या मुलाने पेन खाली ठेवून विचारलं, "काकू, यात तुमचा पगार कुठे आहे?"

महिन्याला सगळे मिळून सात हजार उरत होते. पहाटे पाचपासून मी आणि माझी सासू, दोघी उभ्या. मदतीच्या बायांना मी प्रत्येकी साडेचार हजार देत होते आणि आम्हा दोघींच्या वाट्याला त्याहून कमी येत होतं. आमची मेहनत आमच्याच वहीत नव्हती. सासूबाई शेजारी बसून ऐकत होत्या. त्यांनी पदराने डोळे टिपले आणि उठून त्या मुलाला आणखी एक वाटी रस्सा वाढला.

रविवारचं ताट ऐंशीचं केलं. शनिवारी रात्री आठपर्यंत नाव सांगायचं आणि तेवढंच रांधायचं, असं ठरवलं. आधी मी अंदाजाने एकशे तीसचं रांधायची आणि उरलेलं सोमवारी जड मनाने टाकायची. पहिल्या रविवारी ताटं नव्वदवर आली, माझा जीव खालीवर झाला. दिवाळीनंतर पुन्हा शंभरावर गेली.

याच्या आधी एका बँकेत मी कणीक मळायच्या यंत्रासाठी आणि मोठ्या फ्रीजसाठी कर्ज मागायला गेले होते. साहेबांनी वही चाळली आणि म्हणाले, हा काही धंदा नाही, हे घरचं काम आहे. तो शब्द बरेच दिवस मनात राहिला. २०१७ मध्ये दुसऱ्या एका शाखेत गेले ते त्या मुलांनी आखून दिलेली दीड वर्षाची वही घेऊन. मुद्रा योजनेतलं 'किशोर' गटाचं दोन लाखांचं कर्ज मंजूर झालं. यंत्र आजही चालू आहे. ते कर्ज मिळालं त्याच वर्षी तुमची पहिली तुकडी शिकून बाहेर पडली.

बातम्यांत मी तुमची प्रगती वाचत आले. वरच्या पानांवर किती लाखांचं पॅकेज मिळालं ते असायचं. पालकांना त्याची काळजी असते, मी समजू शकते. मला मात्र दुसऱ्याच गोष्टी मोठ्या वाटल्या. आयआयएमला पूर्वी पदवी देता येत नव्हती, पदविकाच मिळायची, हे मला तुमच्याच मुलांकडून कळलं. २०१७ चा कायदा झाला, ३१ जानेवारी २०१८ पासून तो लागू झाला आणि तुम्हाला एमबीएची पदवी देता येऊ लागली. तीन वर्षांचंही नसलेलं तुमचं लेकरू अशा रीतीने अहमदाबाद-कलकत्त्याच्या १९६१ मधल्या संस्थांच्या पंक्तीला बसलं. मुंबईत आयआयएम झाली ती २०२३ मध्ये, म्हणजे तोवर आठ वर्षं अख्ख्या महाराष्ट्राची एकच आयआयएम होती आणि ती आमच्या गावात होती. याच काळात नव्या उद्योजकांना उभं करण्यासाठी तुम्ही 'इन्फेड' काढलं, पुण्यातही वर्ग सुरू केले. नागपूरच्या संस्थेने पुण्यात जाऊन शिकवायचं! माझ्यासारख्या आईला हे वाचून काय वाटलं असेल? माझी मोठी मुलगी २००९ मध्ये एमबीए करायला पुण्याला गेली. नागपुरात कॉलेजं होती, चांगली माणसं तिथे शिकवत होती, त्यांना मी कमी लेखत नाही. पण वारं असं होतं की शिकायचं तर पुण्याला नाहीतर मुंबईला. महाराष्ट्र एक्सप्रेस सुटली तेव्हा फलाटावर माझ्यासारख्या कितीतरी आया हात हलवत उभ्या होत्या. मुली गेल्या त्या तिकडच्याच झाल्या. आता त्याच रुळांवरून देशभरातली मुलं नागपूरला शिकायला उतरतात.

८ मे २०२२ ला राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते मिहानमधल्या, म्हणजे विमानतळालगतच्या मोठ्या औद्योगिक प्रकल्पातल्या, तुमच्या परिसराचं उद्घाटन झालं. बिऱ्हाड मोडून तुम्ही स्वतःच्या घरात गेलात. माझ्या पंक्तीतली तुमची मुलं त्याबरोबर गेली. घरची मुलगी सासरी जाते तेव्हाचं सगळं त्यात होतं, आनंद धरून.

पावसाळ्यानंतर मी ते बघायला आले. सीताबर्डीहून मेट्रोने खापरीपर्यंत आणि पुढे ऑटोने. १३२ एकर हा आकडा वाचणं वेगळं आणि फाटकापाशी उभं राहून नजर टाकणं वेगळं. माझी अख्खी गल्ली त्याच्या एका कोपऱ्यात मावेल. त्या दिवशी आतून बाहेर येणाऱ्या एका मुलीला मी विचारलं, कुठली गं तू? म्हणाली, गोंदियाची. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

त्याच फाटकापाशी मला आणखी एक गोष्ट मनात आली, ती लिहायलाच हवी. दहेगाव, खापरी, तेल्हारा, शिवणगाव ही मिहानसाठी जमिनी दिलेली गावं. जिथे तुमचे वर्ग भरतात तिथे कुणाची तरी तूर उभी असायची, कुणाचा तरी कापूस. त्या घरांतली पोरं आज वीस-बावीसची आहेत. त्यांना आयआयएमच्या प्रवेशाची कॅटची परीक्षा म्हणजे काय हे सांगायला, गणित आणि इंग्रजी पक्कं करून घ्यायला तुमचे विद्यार्थी आठवड्यातून एक संध्याकाळ देऊ शकतील. आपली वाटच नाही असं ज्यांना वाटतं त्यांना वाट दाखवणं या पोरांना चांगलं जमतं. माझ्या ओट्यापाशी मी ते पाहिलेलं आहे.

आता मुख्य मागणं.

'केस' म्हणजे काय हे मला याच मुलांनी समजावलं होतं. एक धंदा, एक अडचण, एक ठरावीक वेळ, आणि प्रश्न असा की त्या खुर्चीवर तुम्ही असता तर काय केलं असतं? अहमदाबादच्या संस्थेने ही पद्धत हार्वर्डकडून घेतली आणि मग इथल्या धंद्यांच्या केस लिहायला घेतल्या, असं ते सांगत. मी विचारलं होतं, मग यात नागपूरचं काय शिकवतात? मुलं एकमेकांकडे बघायला लागली.

माझे वडील एम्प्रेस मिल या कापड गिरणीत होते, रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या विभागात. भोंगा वाजला की आमचं घर उठायचं. बाबांना मिलचा अभिमान इतका की ते जमशेटजींबद्दल घरातल्या थोरल्यासारखे बोलायचे. पैसेवाल्यांची मुंबई सोडून जमशेटजी टाटांनी गिरणीसाठी नागपूर निवडलं. कापूस इथे पिकतो, रेल्वे आलेली आहे, वरोऱ्याचा कोळसा जवळ आहे. १ जानेवारी १८७७ ला गिरणी सुरू झाली, त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, त्यावरून एम्प्रेस हे नाव. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा घेतली तेव्हा एका सावकाराने पैसे द्यायला नकार दिला होता म्हणतात, हा माणूस सोनं मातीत घालतोय म्हणून. पुढे तोच म्हणाला, याने माती घालून सोनं काढलं. बाबा ही गोष्ट सांगताना दर वेळी तलावाच्या दिशेने हात करायचे. बँकेतल्या त्या साहेबांच्या टेबलावरून उठताना मला हीच गोष्ट आठवली होती.

गिरणी चालवायला जमशेटजींनी बेझनजी मेहतांना आणलं, ते रेल्वेच्या नोकरीतले. कापडातलं काही माहीत नाही, पण माणसं आणि कामं सांभाळता येतात. असा माणूस का निवडला असेल? व्यवस्थापन शिकणाऱ्या वर्गात यावर दोन तास वाद घालता येईल. रिंग पद्धतीची चाती बाकीच्यांच्या आधी बसवायचा धोका का घेतला? १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई, कुठलाही कायदा सांगत नसताना, का सुरू केली? बाबा म्हणायचे, माणूस टिकला तर सूत टिकतं. आणि मग तीच गिरणी १९८६ मध्ये सरकारी महामंडळाकडे कशी गेली आणि २००२ मध्ये बंद का पडली? आज तिथे एम्प्रेस मॉल आहे. तिथे खरेदीला जाणाऱ्या मुलांना विचारा, हे नाव कुठून आलं. बहुतेकांना सांगता येणार नाही. सव्वाशे वर्षांचा एक धंदा, जन्मापासून शेवटापर्यंत, तुमच्यापासून मेट्रोच्या टप्प्यात. अशी केस विकत आणावी लागत नाही. ती लिहायला जे म्हातारे हवेत ते मात्र दरवर्षी कमी होत आहेत.

दुसरी केस माझ्या मामेभावाची. काटोलला त्याची संत्र्याची बाग आहे, आंबिया आणि मृग दोन्ही बहार घेतो. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्याने पेढे वाटले. विदर्भातलं बरंच संत्रं बांगलादेशला जायचं. तिथलं आयात शुल्क २०१९ मध्ये किलोला वीस रुपये होतं, ते दरवर्षी वाढत २०२३ मध्ये अठ्ठ्याऐंशीवर गेलं. कळमन्याच्या बाजारात भाव पडला, झाडावरची फळं उतरवायला कुणी तयार होईना. एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून राहिलं की काय होतं, हे तुम्ही पहिल्या वर्षालाच शिकवत असाल. पण ज्या शेतकऱ्याची झाडं पंधरा वर्षांची आहेत त्याने दोन महिन्यांत गिऱ्हाईक कसं बदलायचं? त्याला रस काढणारे कारखाने हवेत, शीतगृह हवं, दक्षिणेतला नवा बाजार हवा. त्यातलं आधी काय आणि कुणाच्या पैशाने? त्याच्या बांधावर बसून विचार केल्याशिवाय याचं उत्तर निघायचं नाही. बागेपर्यंत मी घेऊन जाईन. जेवण त्याच्याकडे, भाकरी आणि वांग्याचं भरीत.

इतवारीतले धान्याचे अडते, गांधीबागेतले कापडवाले, कोष्टीपुऱ्यातले विणकर, सावजी भोजनालयं चालवणारी घराणी. यांच्यापैकी कित्येकांचा हिशेब डोक्यात आहे, जसा माझा होता. तो कागदावर यायला कुणीतरी ओट्यापाशी बसावं लागतं. तुमची पहिली पोरं बसली, कुणी सांगितलं नसताना. आता तुमच्याकडे स्वतःची जागा आहे, मोठं ग्रंथालय आहे, शिकवणारी माणसं आहेत. पाठोपाठ येणाऱ्या प्रत्येक तुकडीने नागपूरचा एक धंदा नीट लिहून काढला, आणि तो मराठीतही लिहिला, तर ज्याच्यावर लिहिलं त्यालाही तो वाचता येईल.

बाबांची फंडाची पुस्तिका माझ्याकडे जपून ठेवलेली आहे. पानं पिवळी पडलीत, पण अक्षर स्पष्ट आहे, महिन्यागणिक कापलेली रक्कम दिसते. त्यासोबत माझी २०१५ ची वही आहे, तुमच्या मुलांच्या हातचे आकडे असलेली, एका पानावर रश्शाचा डाग आहे. दोन्ही तुमच्या ग्रंथालयाला द्यायची माझी इच्छा आहे. कुणी घ्यायला आलं तर उत्तम, नाहीतर मी खापरीपर्यंत मेट्रोने येईन. फक्त शनिवारची संध्याकाळ सोडा. त्या वेळी मी रविवारच्या ताटांची नावं लिहून घेत असते.

आपली,
बजाजनगरची मेसवाली काकू